अमळनेरच्या वसतिगृहातील गोष्टी सांगणारा शिक्षक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या मोठ्या माणसाच्या चरित्रावर बोला, असे चिटणीससाहेबांनी मला सुचविले होते. मोठी माणसे पुष्कळ आहेत. मी मात्र एक शिक्षक निवडला आहे, कारण ही शिक्षणसंस्था आहे आणि मी स्वतः आयुष्यभर उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवीत आलो आहे. हा शिक्षक पुढे मुलांचा कादंबरीकार झाला. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. त्यांची 'श्यामची आई' ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. बाकीच्यांनी तिच्यातला एखादा उतारा पाठ्यपुस्तकात वाचला असेल आणि त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहून ती विसरलेही असाल. शाळेत असे होते. त्यात मुलांचा दोष नाही.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोतांचे. हा 'खोत' शब्द आला की आमच्या वर्गात हमखास एक हात वर होतो, "सर, ये खोत क्या होता है?" कोकणात गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा तो खोत. आपल्या बाजूचा इजारदार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे थोडीफार कल्पना येईल. अगदी तंतोतंत नव्हे. पण पांडुरंगाला कळू लागेपर्यंत घराण्याचे वैभव संपत आले होते. मागे राहिले होते कर्ज, कोर्टकचेरी आणि जुनी अब्रू. घरावर जप्ती येणे, दवंडी पिटली जाणे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन बाईमाणसाला लागेल असे बोलणे, हे सारे त्या मुलाने पाहिले आणि पुढे पुस्तकात उतरविले. ती पाने मी वर्गात वाचून दाखवितो तेव्हा मुले फार गप्प होतात. खोत म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या मुलाला सांगावे लागते. कर्ज म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कापूस पिकविणाऱ्या या मुलखात बँकेची नोटीस घराघरांत ओळखीची आहे.

आईचे नाव यशोदा. मुलगा शिकला पाहिजे ही तिची ओढ, आणि घरात पैसा नाही. दापोलीच्या शाळेत काही वर्षे झाली. मग औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा तिकडे गेला. तिथेही प्लेगने पाठ सोडली नाही. अखेर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून त्याने मॅट्रिक गाठली. कुठे स्वतः रांधून खायचे, कुठे लोकांच्या घरी जेवायचे, असे ते शिक्षण. तो असा दूर असतानाच १९१७ साली आई गेली. शेवटची भेट झाली नाही.

पुण्यातच त्यांनी बी.ए. आणि एम.ए. केले. तत्त्वज्ञानाची आवड त्यांना खानदेशात घेऊन आली. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञानमंदिर स्थापन केले होते, तिथे ते दाखल झाले. आणि १९२४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याच गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले.

अमळनेर आपल्याला लांब नाही. अकोल्याहून गाडीत बसले की भुसावळ, जळगाव आणि मग सुरतेच्या रेल्वेमार्गावर अमळनेर. आपली पूर्णा अमरावती-अकोल्याचे पाणी घेऊन चांगदेवापाशी तापीला मिळते, आणि अमळनेरची बोरी नदीही पुढे तापीलाच जाते. आपल्याकडची आणि खानदेशातली खेड्यांतली माणसे, त्यांचे कापसाचे हिशोब आणि मुलांना शिकायला तालुक्याला पाठविण्याची त्यांची धडपड यांत फारसा फरक नाही. त्याच धडपडीतून आलेली मुले प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात राहत होती. साने मास्तरांकडे या वसतिगृहाचे काम आले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याला खरे वळण इथे लागले.

वसतिगृहाचा रेक्टर म्हटला की काय आठवते? हजेरी, दिवे मालवण्याची घंटा, खानावळीच्या तक्रारी. साने मास्तरांनी निराळाच रस्ता धरला. मुले शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडीत, पसरलेले सामान आवरीत, मळलेले कपडे धुऊन वाळत घालीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. मुले संध्याकाळी खोलीवर येत आणि पाहत तो खोली लख्ख. कोणी केले हे कळायला वेळ लागला नाही. एकदा कळल्यावर मग मुले आपली खोली आपणच झाडू लागली. यावर व्याख्यान झाल्याचे कोणी सांगत नाही.

आणि ते लिहीत. मुलांसाठी वसतिगृहाचे हस्तलिखित दैनिक काढीत. विचार करा, रोज शाळा शिकवून, वसतिगृह सांभाळून, पन्नास-साठ पोरांनी वाचावे म्हणून एक माणूस हाताने दैनिक लिहितो आहे. त्याची ना छपाई, ना विक्री, ना कुठे नाव. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. साने गुरुजी लेखक कसे झाले असे विचारले की लोक तुरुंगाचे नाव घेतात. मला वाटते ते लेखक झाले ते इथे, या हस्तलिखित पानांत. आज लिहिलेले उद्या सकाळी समोरचा मुलगा वाचणार आहे, त्याला ते कळले की नाही हे त्याच्या तोंडावरच दिसणार आहे, अशी परीक्षा फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येते.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. शिक्षकाची नोकरी अशी सहाच वर्षांची. पुढची वर्षे धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशी तुरुंगांची. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती जशीच्या तशी टिपून घेतली साने गुरुजींनी, आणि म्हणून आज ते पुस्तक आहे. तिकडे दक्षिणेत त्रिचनापल्लीला निरनिराळ्या प्रांतांचे कैदी भेटले, तिथे त्यांनी तमिळ 'कुरळ' मराठीत आणले. भाषेच्या या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३ ते १३ फेब्रुवारी १९३३. या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. दिवसाचे सक्तीचे काम उरकून मिळालेल्या वेळात, रात्री आणि पहाटे. पाच दिवसांत कादंबरी कशी लिहून होते, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की पाच दिवस लागले ते कागदावर उतरवायला. सांगून ती आधीच झालेली होती.

तिची मांडणीच पाहा. तिला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. एका आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, सोबती गोळा होतात, आणि श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. मध्येच कोणी प्रश्न विचारतो, कोणाचे डोळे भरतात, मग उठण्याची वेळ होते. गोष्ट एका बैठकीत संपेल एवढीच. हे वसतिगृहच आहे, दुसरे काही नाही. अमळनेरची मुले दूर राहिली होती. भिंतीआड बसलेल्या शिक्षकाला समोर ऐकणारे हवे होते, म्हणून त्याने ते कागदावर बसविले. नोकरीचा राजीनामा देऊन शिक्षक सुटतो, असे ज्यांना वाटते त्यांनी ही बैठक नीट पाहावी.

पुस्तक १९३५ साली बाहेर आले. पुढे त्याचे प्रकाशन पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने केले, म्हणजे गरीब मुलांना आसरा देणाऱ्या संस्थेनेच. हे मला फार योग्य वाटते. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला. वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. चित्रपटगृहात किती रुमाल भिजले याच्या कथा जुनी मंडळी सांगतात.

रडण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. या पुस्तकात अश्रू फार आहेत, अशी टीका होते. ती अगदीच खोटी नाही. हसऱ्या, खोडकर मुलांची पुस्तके हवी असतील तर ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' वाचा, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचा. त्यांनीही मराठी मुलांवर मोठे उपकार केले आहेत. आणखी एक गोष्ट मुलींच्या बाजूने सांगितली पाहिजे. नववीच्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, सगळे सोसायचे ते आईनेच का?" प्रश्न अगदी रास्त आहे. गुरुजींनी आईचे थोरपण दाखविले, पण तिच्यावरचे ओझे कोणी उचलायला हवे होते, हा हिशेब वाचकाने करायचा आहे. आपल्या वऱ्हाडातल्या आईचे चित्र पुढे उद्धव शेळके यांनी 'धग'मध्ये १९६० साली काढले. त्यातली कौतिक रडत बसत नाही, राबते, आणि तिचे बोलणे आपल्या इथल्या बोलीतले आहे. ती कादंबरी मोठ्यांची. वरच्या वर्गातल्या मुलांनी दोन्ही पुस्तके एकामागून एक वाचावीत.

तरीही 'श्यामची आई' मुलांच्या हाती द्यावी असे मी म्हणतो, ते का? त्यातली आई उपदेशाची पोपटपंची करीत नाही. ती काही तरी करते. लहान श्याम आंघोळ झाल्यावर ओले पाय मातीला लागू नयेत म्हणून हट्ट धरतो. आई दगडावर आपले ओचे पसरते आणि त्याला त्यावर पाय टिपू देते. मग म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनालाही जप. तोच श्याम पोहायला घाबरून घरात लपला, तेव्हा हीच आई त्याला चोप देऊन विहिरीवर पाठविते. मुलगा भित्रा निघावा हे तिला चालणार नव्हते. म्हणजे माया आहे आणि शिस्तही आहे, आणि दोन्ही एकाच हातची. दापोलीला शिकताना श्याम खाऊचे पैसे वाचवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि सणाला घरी नेतो, ती रात्र मी वर्गात वाचतो तेव्हा मुलांना शिलाईचा हिशेब फार जवळचा वाटतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत शिवणयंत्र चालते. ईदच्या आधी त्या घरांत दिवा किती वाजेपर्यंत जळतो आणि घरच्या पोरांचे कपडे सर्वांत शेवटी कसे होतात, हे त्या मुलांना ठाऊक आहे.

दुसरे कारण असे. श्यामच्या आईने जे दिले ते देण्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही. इथे बसलेल्या काही मातांना वाटत असेल, आम्ही जास्त शिकलो नाही, आम्ही मुलांचा अभ्यास काय घेणार? गणित, इंग्रजी शाळा पाहील, शिकवणी पाहील. पण संध्याकाळी मुलाला जवळ बसवून एखादी गोष्ट सांगणे, नानीची, गावाची, नबींची, शेख चिल्लीची, कोणतीही, हे कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. पूर्वी हे आपल्या घरांत होते. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि मूल एका कोपऱ्यात व आई-बाप दुसऱ्या कोपऱ्यात असतात. वडिलांनाही मी सांगतो. 'गोष्टीचे पुस्तक काय वाचतोस, अभ्यास कर' हे वाक्य घरात बंद करा. ज्याला गोष्ट वाचायची गोडी नाही, त्याला धडा वाचायचीही लागत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे. गाइड पाठ करून गुण मिळतात. पण नोकरीच्या परीक्षेला न पाहिलेला उतारा पुढे आला की ते मूल अडते.

आता भाषेची गोष्ट. आपल्या मुलांची अडचण मला माहीत आहे. घरी दखनी किंवा वऱ्हाडी मिसळलेली उर्दू, शाळेत किताबी उर्दू, बाजारात मराठी, कचेरीत मराठी, आणि मोठे होऊन इंग्रजी. मुलाच्या डोक्यावर चार पाट्या. त्यातली मराठीची पाटी पुष्कळ घरांत 'पास होण्यापुरती' समजली जाते. साने गुरुजी याच्या उलट बाजूने आले. त्यांनी तुरुंगात परप्रांतीयांच्या भाषा जवळ केल्या, आणि आयुष्याच्या शेवटी शेवटी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. भारताच्या एका भाषेच्या माणसाने दुसऱ्या भाषा शिकाव्यात, त्यांतले साहित्य आपल्या भाषेत आणावे, अशी ती कल्पना. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती लोकांपुढे ठेवली. त्यांनी स्वतःही मुलांसाठी हेच केले होते. व्हिक्टर ह्यूगोची प्रचंड कादंबरी त्यांनी 'दुःखी' म्हणून मराठी मुलांना सांगितली, जॉर्ज एलियटचा सोने साठविणारा विणकर त्यांच्या हाती 'मनूबाबा' झाला. परकी गोष्ट आपल्या ओसरीवर आणून बसविण्याचे हे काम शिक्षकाचेच.

आणि त्यांचे आणखी एक पुस्तक या सभेत सांगितलेच पाहिजे. 'इस्लामी संस्कृती' या नावाचे. पैगंबरसाहेबांचे चरित्र मराठी वाचकाला आपुलकीने सांगणारे हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. पालगडच्या ब्राह्मण घरात वाढलेल्या, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपवास केलेल्या माणसाला, शेजाऱ्याचा धर्म समजून घेतल्याशिवाय राहवले नाही. आपल्याबद्दल मराठीत इतक्या मायेने लिहिणाऱ्याचे पुस्तक आपण मराठीतून वाचलेले नसावे, याची मला खंत वाटते.

उर्दूतही मुलांसाठी लिहिणारे आपल्या विदर्भात आहेत, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरचे मतीन अचलपुरी यांच्या 'ममता की डोर' या कथासंग्रहाला साहित्य अकादेमीचा २०२३ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नागपूरचे वकील नजीब यांच्या 'मेहरबान जिन' या मुलांच्या कादंबरीला तोच पुरस्कार २०१६ साली मिळाला होता. पुरस्कार दिल्लीचा, पुस्तके आपल्या दाराशी लिहिलेली. आपल्यापैकी किती घरांत ती आहेत? मला एक इच्छा आहे, ती संस्थेच्या तरुण शिक्षकांसाठी सांगतो. यांतल्या गोष्टी मराठीत आणा आणि 'श्यामची आई'तल्या चार रात्री मुलांच्या उर्दूत सांगून पाहा. छापण्यासाठी नको, वर्गात सांगण्यापुरत्याच. हस्तलिखित दैनिक काढायला आजही छापखाना लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. त्यातून पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' प्रसिद्ध होत. लहान मुलीशी बोलावे तसे त्यांत फुलांवर, पक्ष्यांवर, पुस्तकांवर लिहिले आहे. देशात जे घडत होते, गांधीजींचा खून, जातीधर्माचे वैर, त्याने हे मन आतून फार थकले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. हे सांगताना शिक्षकाला अवघड जाते, पण मुलांपासून ते लपवू नये. विद्यार्थ्यांना मी एवढेच म्हणेन की इतरांचे अश्रू पुसणाऱ्यालाही कधी कोणाच्या आधाराची गरज पडते. मनावर फार ओझे झाले तर घरी, शिक्षकाला, मित्राला, कोणाला तरी सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

अध्यक्षसाहेबांच्या परवानगीने एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आपल्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर आणि इशाच्या नमाजानंतर मुलांना झोपण्यापूर्वी थोडा वेळ असतो. पुढच्या सोमवारपासून त्या वेळात मी आठवड्यातून चार दिवस येणार आहे. दिवाणखान्यात सतरंजी घालायला व्यवस्थापकांनी होकार दिला आहे. दोन रात्री 'श्यामची आई'च्या, एक 'ममता की डोर'मधल्या गोष्टीची, आणि चौथी मुलांनी स्वतः सांगायची, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. मुलींच्या शाळेतही दुपारच्या सुट्टीत हेच करण्याची तयारी तेथील बाईंनी दाखविली आहे. गावातल्या पालकांपैकी ज्यांना येऊन बसायचे असेल त्यांनी बसावे. आजोबा-नानांना अवश्य पाठवावे, कारण चौथ्या रात्री आम्हाला गोष्टी कमी पडणार आहेत.